ताव रचणारी मशीन आणि पेटंटची परीक्षा : अर्जाची पावती म्हणजे पेटंट नव्हे

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर... बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही छापखान्यात लग्नसराईत डोकावून पाहा. मशीन धडाधड ताव छापून बाहेर फेकत असते आणि तिच्या तोंडाशी एक पोरगा उभा असतो. त्याचं काम एकच : वाकडेतिकडे पडलेले ताव दोन्ही हातांनी ठोकून सरळ करायचे आणि थप्पी लावायची. उन्हाळ्यात तर त्याचे हालच. हवा कोरडी पडली की कागदात स्थिर वीज तयार होते, ताव एकमेकांना चिकटतात, थप्पी बिघडते, मशीन थांबवावी लागते.

अशा वेळी एखादा हुशार मेकॅनिक डोकं लावतो. दोन पट्ट्या, एक ब्लोअर, जुन्या मशीनची साखळी जोडून ताव आपोआप रचणारी जोडणी तयार करतो. आपल्या समाजात असे हुनर असलेले हात कमी नाहीत. कुणी वेल्डिंगमध्ये उस्ताद आहे, कुणी बाइंडिंगमध्ये, कुणी लेथवर. मग कुणीतरी सांगतं, "भाई, याचं पेटंट काढून घे." आणि इथूनच गोंधळ सुरू होतो.

असं एक घर आम्ही पाहिलं आहे. एका एजंटने हजारो रुपये घेतले, अर्ज भरला, अर्ज क्रमांक असलेली पावती दिली. घरच्यांनी ती फ्रेम करून भिंतीला लावली. "आमच्या मुलाला पेटंट मिळालं" म्हणून मिठाईही वाटली. प्रत्यक्षात तपासणीची विनंतीच कुणी केली नव्हती. मुदत गेली आणि अर्ज आपोआप मागे घेतल्यात जमा झाला. म्हणून पेटंटची तपासणी म्हणजे नेमकं काय, हे सोप्या भाषेत सांगायचं आम्ही ठरवलं.

अर्जापासून तपासणीपर्यंत

भारतात पेटंट मिळतं ते १९७० च्या पेटंट कायद्याखाली. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. ते ऑनलाइन भरता येतात, मुंबईला चकरा मारण्याची गरज नाही. एकट्या व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे (३० पाने आणि १० दाव्यांपर्यंत). मशीन अजून पूर्ण झाली नसेल तर तात्पुरतं वर्णन देऊन तारीख धरून ठेवता येते. मात्र पूर्ण वर्णन १२ महिन्यांच्या आत द्यावंच लागतं.

साधारण १८ महिन्यांनी अर्ज सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. पुष्कळ लोक इथेच फसतात. प्रसिद्ध झाला म्हणजे मंजूर झाला, असं नाही. तपासणी हवी असेल तर नमुना १८ भरून वेगळी विनंती करावी लागते. एकट्या व्यक्तीला त्याची फी ४,००० रुपये. १५ मार्च २०२४ पासून भरलेल्या अर्जांसाठी ही विनंती ३१ महिन्यांत करायची असते. पूर्वी ४८ महिने मिळायचे. अर्जदारांत महिला असेल तर लवकर तपासणीचीही सोय आहे, तिची फी जास्त आहे.

परीक्षक काय शोधतो?

परीक्षक तीन गोष्टी पाहतो : वस्तू नवी आहे का, तिच्यात कल्पकतेची पायरी आहे का, आणि ती उद्योगात वापरता येते का. ताव रचणाऱ्या मशीनच्या बाबतीत तिसरा प्रश्न सहज सुटतो. खरी परीक्षा पहिल्या दोन प्रश्नांची.

तो आधी जगभरची जुनी पेटंटं चाळतो. सगळ्या शोधांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण केलेलं असतं. कागदासारख्या पातळ वस्तूंच्या हाताळणीचा गट आहे 'बी६५एच'. त्यात २९ क्रमांकाखाली मशीनमधून ताव बाहेर काढून थप्पीवर नेण्याच्या युक्त्या येतात, आणि ३१ खाली थप्पी झेलणारी टेबलं. मागचं टोक हवेने ओढून तावाचा वेग कमी करणं, बाजूच्या पट्ट्यांनी ठोकून कडा जुळवणं, थप्पी वाढेल तसं टेबल खाली सरकवणं, हे सगळं तिथे आधीच नोंदलेलं आहे.

तावावर ताव रचणं तर त्याहून किती जुनं! आपल्या शेजारच्या दौलताबाद-खुलताबाद परिसरात कागजीपुरा आहे. तिथल्या कागजी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने कागद बनवला. हातकागदाच्या कामात ओला ताव साच्यावरून उतरवायचा, एकावर एक रचायचा, दाबून पाणी काढायचं आणि मग एकेक ताव सोडवून वाळवायचा. तेव्हा "ताव रचणारी मशीन" एवढ्यावर पेटंट मिळत नाही. रचण्याची कोणती अडचण, कोणत्या नव्या पद्धतीने सुटली, ते सांगावं लागतं.

उदाहरण घेऊन पाहू

समजा, आपल्या मेकॅनिकने अशी जोडणी केली की कागदाची जाडी बदलली की हवेचा ब्रेक आणि बाजूच्या पट्ट्यांचा ठोका, दोन्ही एकाच खटक्याने आपोआप जुळतात. पातळ ताव फाटत नाही, जाड ताव पुढे घसरत नाही.

परीक्षक पहिला तपासणी अहवाल पाठवेल. त्यालाच सगळे 'एफईआर' म्हणतात. त्यात बहुधा असं असेल : हवेचा ब्रेक एका जुन्या पेटंटमध्ये आहे, त्याला डी१ म्हणू. ठोकणाऱ्या पट्ट्या दुसऱ्यात आहेत, ते डी२. दोन्ही एकत्र करणं कुठल्याही जाणत्या कारागिराला सुचलं असतं. शिवाय कलम ३(एफ) नुसार माहीत असलेल्या उपकरणांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध ठरत नाही.

हे वाचून घाबरायचं नाही, आणि अर्ज फेटाळला असंही समजायचं नाही. एफईआर म्हणजे परीक्षकाने विचारलेले प्रश्न. उत्तर सहा महिन्यांत द्यायचं असतं. मुदतवाढ फी भरून मागता येते, पण मर्यादेतच. उत्तर दिलंच नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं.

उत्तरात "आमची मशीन फार उपयोगी आहे" एवढं लिहून भागत नाही. डी१ आणि डी२ मध्ये ब्रेक आणि पट्ट्या आपापलं काम वेगवेगळं करतात, आमच्या खटक्यामुळे दोन्ही एकमेकांवर अवलंबून चालतात आणि त्यातून नवा परिणाम मिळतो, हे दाखवावं लागतं. जोडणीआधी हजार तावांत किती अडकायचे आणि आता किती अडकतात, ही मोजणी वहीत तारखेनिशी असेल तर उत्तराला वजन येतं. गरज पडली तर दावे आखूड करावे लागतात : सगळ्या मशीनवर हक्क न सांगता फक्त त्या खटक्यावर. एवढं करूनही शंका राहिली तर नियंत्रकापुढे सुनावणी होते आणि मग निर्णय.

मिर्झापूरचा धडा

इथे सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल माहीत असायला हवा. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजकडे लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचं पेटंट होतं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या दुसऱ्या फर्मशी वाद झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केलं, खंडपीठाने ते पुन्हा कायम केलं, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच ठरवलं. न्यायालयाचं म्हणणं असं की जुन्या साधनात केलेली सुधारणा ही वर्कशॉपमधल्या नेहमीच्या दुरुस्तीपेक्षा काही तरी अधिक असायला हवी. पेटंट मिळालं म्हणजे ते पक्कं झालं असंही नाही, हेही या निकालातून कळतं.

जर्मनी, चीनसारख्या देशांत लहान सुधारणांसाठी वेगळा, हलका हक्क मिळतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. म्हणून आपल्या कारागिराने पैसे घालण्याआधी स्वतःलाच विचारावं : ही रोजची दुरुस्ती आहे, की खरोखर नवी युक्ती?

घरात एवढं तरी पाळा

सगळ्यात मोठी चूक व्हॉट्सअ‍ॅपवर होते. मशीन चालली की लगेच व्हिडिओ काढून ग्रुपवर, यूट्यूबवर टाकला जातो. अर्जाआधी सगळ्यांसमोर आलेली युक्ती नवी राहत नाही, आणि आपलाच व्हिडिओ आपल्याविरुद्ध पुरावा होऊ शकतो. कायद्यात काही अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. आधी अर्ज, मग व्हिडिओ.

दुसरं, अर्जाआधी पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर स्वतः शोध घ्या, तो मोफत आहे. इंग्रजीची अडचण असेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या ओळखीच्या मुलाला सोबत बसवा. आपल्या विदर्भात, नागपूरला, बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवा.

तिसरं, एजंट नेमलात तर त्याची नोंदणी तपासा आणि अर्जात पत्ता, ईमेल, मोबाइल आपलाच द्या. संशोधक म्हणून नाव ज्याने डोकं लावलं त्याचंच हवं, मालकाचं किंवा एजंटचं नव्हे. मंजूर झालेलं पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, तेही ठरलेली फी भरत राहिलं तर.

आणि ज्यांच्या घरात आधीच अर्ज भरलेला आहे, त्यांनी आजच तो क्रमांक वेबसाइटवर टाकून स्थिती पाहावी. नमुना १८ भरला आहे का, एफईआर आला आहे का, आला असेल तर कोणत्या तारखेला, हे वहीत लिहून ठेवा. त्या तारखेपासून सहा महिने मोजायला घ्या.