वाट पाड्याची, फाटक सरकारी

गोरेगाव पूर्वेला राहणाऱ्याला डोंगरात पाय मोकळे करायला कर्जतची गाडी पकडावी लागत नाही. हायवे ओलांडला की आरे, आरेच्या अंगाला चित्रनगरी आणि तिच्या मागे संजय गांधी नॅशनल पार्कची हद्द. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या त्या जंगलाचा गोरेगावकडचा काठ गेल्या पाऊणशे वर्षांत वेगवेगळ्या खात्यांच्या हाती गेला, आणि दर वेळी बायकामुलांना घेऊन कुठून चालायचं याचा हिशेब बदलला. मुळात या वाटा हौशी भटक्यांनी पाडलेल्या नाहीत. आरेतल्या 27 आदिवासी पाड्यांनी, त्यांतही मुख्यतः वारल्यांनी, पाण्याला, सरपणाला, शेताला जाता-येता त्या मळल्या. सहलवाले त्यांच्यावरून फार नंतर चालू लागले.

पहिलं मोठं फाटक दुधाचं. मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर हलवण्यासाठी 1949 मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहू लागली आणि 1951 च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. योजनेमागचा माणूस दारा खुरोडी. पुढे 1963 मध्ये त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि कुरियन यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीन हजारांहून अधिक एकर जमीन दुग्धविकासाकडे आली, गोठ्यांना नंबर पडले आणि आजही आरेत पत्ता विचारला तर ‘युनिट नंबर अमुक’ असंच उत्तर येतं. पाडे मात्र होते तिथेच राहिले, दुसऱ्याच्या जमिनीवर राहत असल्यासारखे.

त्या काळातली गोरेगावकरांची सहल म्हणजे पिकनिक पॉइंट आणि छोटा काश्मीर. डब्यात पुऱ्या-बटाट्याची भाजी, सतरंजी, बॅडमिंटनच्या रॅकेटी. डांबरी रस्त्याने झाडांच्या सावलीतून चालायचं, तळ्यात होडी फिरवायची, संध्याकाळी दुधाच्या बाटलीचा वास नाकात घेऊन परतायचं. याला कोणी पदभ्रमण म्हणणार नाही. पण चार वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी एकत्र चालू शकतील अशी जागा मुंबईत तेव्हाही फारशी नव्हती आणि आजही नाही. डोंगरावरच्या अवघड सुळक्यांबद्दल आपल्याकडे खंडीभर लिहिलं गेलं. आजीला झेपेल अशा वाटेबद्दल कोणाला लिहावंसं वाटलं नाही.

1977 मध्ये शेजारीच चित्रनगरी आली आणि आणखी काही टेकड्या पहारेकऱ्याच्या ताब्यात गेल्या. सिनेमात जी खेडी, देवळं आणि दऱ्या आपण पाहिल्या, त्यांतल्या पुष्कळशा इथल्याच.

गोरेगावच्या वाटांच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र चित्रनगरीला लागून असलेलं तेहतीस एकरांचं रान. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला 1983 मध्ये, म्हणजे तिच्या शताब्दीच्या वर्षी, ही जागा सरकारकडून मिळाली आणि तिथे संवर्धन शिक्षण केंद्र उभं राहिलं. तेहतीस एकर म्हणजे जंगलाच्या हिशेबात काहीच नव्हे. तरी शहरी कुटुंबाला रानात चालायला शिकवलं ते याच तुकड्याने. इथे शिखर नाही, धबधब्याखाली भिजणं नाही, ‘पोहोचलो’ म्हणून फोटो काढावा असं ठिकाणही नाही. तासाभरात जेमतेम एक-दोन किलोमीटर चालणं होतं, कारण वाटाड्या दर दहा पावलांवर थांबतो. पानाची कड गुंडाळून आत बसलेली अळी, वाटेवर आडवं जाळं विणून बसलेला तळहाताएवढा कोळी, उन्हाळ्यात पानं गाळून पांढराफटक उभा असलेला कांडोळ. पावसाळा संपता संपता काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेलं नीलवंत दिसतं. 2015 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं, पण गोरेगावची पोरं त्याला आधीपासून ओळखत होती. मुलांना दमवायचं नाही, थांबवायचं; ही युक्ती ज्याने कुणी शोधली त्याला शंभर गुण.

नव्वदचं दशक भिंतीचं. पार्कातल्या अतिक्रमणांविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने 1995 मध्ये हायकोर्टात याचिका केली, 1997 मध्ये झोपड्या हटवण्याचे आदेश झाले आणि हद्दीवर भिंत उभी राहू लागली. जंगल वाचलं ते बऱ्याच अंशी यामुळे, हे मान्यच करायला हवं. पण हटवायच्या यादीत वारल्यांची घरंही आली. ज्यांनी वाट मळली त्यांनाच तिच्यावरचे उपरे ठरवलं गेलं, आणि आपण शहरी लोक तिकीट काढून रीतसर आत गेलो. या विसंगतीवर तेव्हाच्या सहलींत चर्चा झाल्याचं आठवत नाही.

मग बिबट्या. तो आधीपासून होताच, पण 2004 मध्ये पार्काच्या कडेने माणसांवर इतके हल्ले झाले, की मुलांना घेऊन आरेत फिरायची कल्पनाच घरोघरी मोडीत निघाली. पुढच्या अभ्यासातून समोर आलेलं एक कारण विचार करायला लावणारं आहे: दुसरीकडे पकडलेले बिबटे इथे आणून सोडले जात होते, आणि अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर जास्त बिथरतं. 2011 मध्ये वनखात्याने विद्या अत्रेयांसारख्या अभ्यासकांना आणि नागरिकांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पिंजऱ्याऐवजी भर आला तो कचरा उचलणं, दिवे लावणं आणि तिन्हीसांजेला मुलांना एकटं न सोडणं यावर. कचरा साचला की भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, इतकं साधं ते गणित. 2015 च्या कॅमेरा-ट्रॅप गणनेत 35 बिबटे नोंदले गेले, 2018 मध्ये 47. तरीही 2022 च्या दिवाळीत आरेत एका तान्ह्या मुलीचा जीव गेलाच. पाड्यांवर वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते. शेजाऱ्याची भीती आणि मान दोन्ही राखायची ही जुनी रीत आहे. शहराने तिच्यातलं निम्मं जरी घेतलं असतं तरी 2004 इतकं वाईट गेलं नसतं, असं माझं मत.

या सगळ्या उलथापालथीत एक वेळापत्रक तेवढं चुकलं नाही. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि फुलते तेव्हा एकजात सगळी. बी धरलं की झुडूप मरतं. तिच्या वाळल्या काठ्यांचे कूड करून त्यावर शेणमातीचा गिलावा द्यायचा, ही पाड्यांवरची घरबांधणी. नॅशनल पार्कातला अलीकडचा फुलोरा 2008, 2016 आणि 2024 चा. त्या जांभळ्या उतारांसाठी माणसं मुद्दाम शिलोंढ्याच्या वाटेला लागतात. पूर्वी कारवीची खबर कानोकान जायची. आता ती मोबाइलवर तासाभरात सगळीकडे होते आणि चालायच्या जागा आगाऊ भरतात.

2016 आणि 2024 यांच्यामध्ये आरेचं नाव देशभर झालं. मेट्रो-3 च्या आरेतल्या कारशेडविरुद्धच्या याचिका 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सुप्रीम कोर्टाने 7 ऑक्टोबरला स्थगिती देईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. त्या रात्री फाटकाबाहेर जमलेल्यांत लहानपणी शाळेच्या सहलीत इथे आलेले किती असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही; मला वाटतं, बरेच असावेत. पुढे आरेतली सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन ठरली, कारशेड कांजुरमार्गला गेली आणि 2022 मध्ये परत आरेत आली. स्थगितीला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, 7 ऑक्टोबर 2024 ला, आरे स्थानकातून प्रवाशांची पहिली गाडी सुटली. आता जंगलाच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे जाणार आहेत, आणि त्यांचं एक तोंड चित्रनगरीपाशी आहे.

इतकी फाटकं झाल्यावर कुटुंबाने चालायच्या वाटा उरल्या त्या बहुतेक वेळ ठरवून, पैसे भरून, वाटाड्यासोबत चालायच्या. जंगलाला हे सोसवतं, म्हणून माझी तक्रार नाही. खटकतं ते इतकंच, की रविवारी सकाळी तिथे तोच तो थर दिसतो: दुर्बिणी, चांगले बूट, इंग्रजी शाळेतली मुलं. आणि पावसाच्या तोंडाला शेवळं, टाकळा, कंटोळी घेऊन गोरेगाव स्टेशनबाहेर बसणाऱ्या पाड्यावरच्या बाया त्या गटांना क्वचितच भेटतात. यातलं कोवळं कुठलं, निबर कुठलं, खाज कशाने जाते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? रानभाज्यांच्या दिवसांत त्यांनाच रीतसर मानधन देऊन वाट दाखवायला बोलवावं, आणि गटातल्या निम्म्या जागा पालिकेच्या शाळांसाठी ठेवाव्यात. स्टेशनवरून चित्रनगरीला 343 नंबरची बस जाते. खास गाडी ठरवायचाही प्रश्न नाही.