छत्रीवाली अमेलिया आणि तिचं हट्टी पोर

व्हिक्टोरियन काळातली एक इंग्रज बाई हातात भक्कम छत्री घेऊन इजिप्तमध्ये उत्खनन करते आणि खुनीही शोधते. एलिझाबेथ पीटर्स यांची अमेलिया पीबडी मालिका 1975 साली 'क्रोकोडाइल ऑन द सँडबँक'ने सुरू झाली आणि 20 कादंबऱ्यांपर्यंत पोचली. पीटर्स म्हणजे बार्बरा मर्ट्झ. शिकागो विद्यापीठाची इजिप्तविद्येतली डॉक्टरेट त्यांच्याकडे होती, म्हणून थडग्यांची वर्णनं इतकी भरवशाची वाटतात.

वाचकांची खरी भांडणं मात्र रामसेसवरून! अमेलियाचा हा मुलगा लहानपणी मोठ्यांसारखी लांबलचक भाषणं ठोकतो. काहींना तो असह्य होतो, काही त्याच्याचसाठी पुस्तक उघडतात. गंमत म्हणजे पहिल्या गटातलेही बरेचजण 'ही शॅल थंडर इन द स्काय'पर्यंत त्याचे चाहते होतात. तिथे पहिलं महायुद्ध सुरू आहे आणि तो तरुण झालाय. पात्रं अशी खरोखर वयात येणं, हेच या मालिकेचं मोठं बळ.

अमेलियाची साहेबी ऐट खटकणारेही आहेत. तक्रार रास्त आहे, पण लेखिका तिच्या फुशारकीची टोपी वारंवार उडवते.

शेवटचं 'द पेंटेड क्वीन' मर्ट्झ यांच्या निधनानंतर जोन हेस यांनी पूर्ण केलं; 2017 साली ते आलं. तिथे अमेलियाचा सूर थोडा हरवतो, असं अनेक जुन्या वाचकांना वाटतं. नव्यांनी सुरुवात पहिल्यापासूनच करावी.