उताऱ्याचा पुरावा

नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या जिराईत पट्ट्यात ऊस आणला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने उभे राहिले. ऊसतोडीच्या कोप्या आणि दलित वस्त्या मात्र बांधावरच राहिल्या. काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी त्यांच्यापर्यंत विनासायास पोचली. तिच्याबरोबर उतारेही आले : लिंबू-मीठ, चिंचेचा कोळ, ताक, आवळा.

हे उतारे केवळ अडाणीपणा नव्हेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे. आयुर्वेदातल्या खर्जूरादि मंथातही खजूर, मनुका, चिंच, डाळिंब, आवळा हेच येतात. प्रश्न आहे पुराव्याचा.

दारूने लघवी वाढते, शरीर कोरडे पडते, जठराचा दाह होतो, झोप मोडते. यकृतात तिचे विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड बनते. लिंबू-मिठाचे पाणी कोरडेपणा भरून काढते, एवढेच. दारू आपल्या गतीनेच यकृतातून जाते. तो वेग चिंचेने वाढत नाही. 2005 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आठ चाचण्यांचा आढावा आला. कोणताही उपाय खात्रीने लागू पडतो, असे त्यात आढळले नाही. 2022 मध्ये लंडनच्या संशोधकांनी एकवीस चाचण्या तपासल्या. पुरावा अत्यंत कच्चा निघाला. आपल्या माळावर दिसणाऱ्या फड्या निवडुंगाच्या जातीतल्या एका वनस्पतीचा अर्क अमेरिकेतील 2004 च्या चाचणीत मळमळ आणि तोंडाची कोरड कमी करताना दिसला. पण तो पिण्याच्या पाच तास आधी दिला होता. म्हणजे तो सकाळचा उतारा नव्हेच.

खरा धोका पुढेच आहे. दारूत मिथेनॉल मिसळलेले असेल तर पहिली लक्षणे साध्या नशेसारखीच असतात. मग बारा ते चोवीस तासांनी, त्याचे फॉर्मिक आम्ल बनले की, डोळ्यांपुढे धुके येते, श्वास जड होतो, पोटात कळा येतात. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. अशा वेळी लिंबू पिळत बसणे म्हणजे दृष्टी आणि जीव गमावणे. त्यावर औषध आहे, डायलिसिस आहे. पण ते दवाखान्यात, आणि वेळेवर पोचलेल्यालाच. दिसणे अंधुक झाले की उतारा नको, गाडी शोधा. लाजेने किंवा पोलिसांच्या भीतीने काय प्यालो ते डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि उताऱ्याचा उतारा? 1956 साली नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची एक प्रतिज्ञा आहे. तिच्याकडे केवळ धर्माज्ञा म्हणून पाहू नये. उचल घेऊन राबणाऱ्या माणसाची मजुरी, बायकोचा संसार आणि लेकरांची शाळा ज्या भट्टीत जळते, ती कुणाच्या नफ्यासाठी पेटते, हा त्या प्रतिज्ञेमागचा सवाल आहे. झाडपाल्यात त्याचे उत्तर नाही.