आंतरस्थळ विनंती-बनावट

संकेतस्थळावर रीतसर प्रवेश केलेल्या व्यक्तीच्या ब्राउझरकडून, तिच्या नकळत व इच्छेविना, त्या संकेतस्थळाकडे विनंती पाठवून घेण्याच्या प्रकारास ‘आंतरस्थळ विनंती-बनावट’ असे म्हणतात. विनंतीचा उगम दुसऱ्याच संकेतस्थळावरील पृष्ठात असतो, म्हणून ती ‘आंतरस्थळ’. ती व्यक्तीच्या नावे जाते परंतु तिने केलेली नसते, म्हणून ती ‘बनावट’ होय. इंग्रजीत या प्रकारास ‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’ म्हणतात आणि ‘सीएसआरएफ’ हे त्याचे संक्षिप्त रूप रूढ आहे. जी आज्ञावली अशी विनंती खरी म्हणून स्वीकारते तिच्यात हा सुरक्षादोष आहे असे समजतात. यात परवलीचा शब्द चोरला जात नाही किंवा सर्व्हरही फोडला जात नाही. विनंती कोणाच्या ब्राउझरकडून आली एवढेच संकेतस्थळ पाहते; ती त्या व्यक्तीने जाणूनबुजून केली आहे काय, हे पाहत नाही. ओळख आणि इच्छा यांतील हा फरक दुर्लक्षिला जाणे हेच दोषाचे मूळ आहे. संकेतस्थळांना जोडल्या जाणाऱ्या लहान पूरक आज्ञावल्यांत म्हणजे प्लगइनांत तो वारंवार आढळतो. त्यांपैकी पॉडकास्ट प्रसिद्ध करणाऱ्या प्लगइनांचा प्रस्तुत नोंदीत विशेष विचार केला आहे.

तत्त्व : वेबवरील देवाणघेवाण एचटीटीपी या संदेशन-नियमानुसार होते. या नियमात प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. आधीची विनंती कोणी केली होती याची स्मृती सर्व्हरला आपोआप राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील ल्यू माँटुली यांनी कुकीची योजना केली. वापरणाऱ्याने परवलीचा शब्द देऊन प्रवेश केला की, सर्व्हर त्याच्या ब्राउझरकडे एक लहानशी खूण म्हणजे कुकी ठेवावयास देतो. त्यानंतर त्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला ब्राउझर ही खूण स्वतःहून जोडतो. त्यामुळे दर पानाला परवलीचा शब्द विचारावा लागत नाही.

या सोयीतच धोक्याचे बीज आहे. मूळच्या रचनेत विनंती कोणत्या पृष्ठामुळे निर्माण झाली याचा विचार न करता ब्राउझर कुकी जोडत असे. एखाद्या तिऱ्हाईत पृष्ठावरील चित्राचा पत्ता किंवा दृष्टीस न पडणारा अर्ज जर वापरणाऱ्याच्या संकेतस्थळाकडे रोखलेला असेल, तर पृष्ठ उघडताच विनंती जाते व तिला अस्सल कुकी जोडलेली असते. अधिकाऱ्याचा शिक्का बाळगणाऱ्या कारकुनाने समोर येईल त्या कागदावर, तो कोणी आणला हे न विचारता, शिक्का उमटवावा तशी ही स्थिती आहे. शिक्का खरा असतो. मजकूर मात्र दुसऱ्याचा असतो. हल्लेखोराला सर्व्हरचे उत्तर वाचता येत नाही, कारण एका स्थळावरील लिपीला दुसऱ्या स्थळाचा मजकूर वाचू न देण्याचा निर्बंध ब्राउझर पाळतो. म्हणून या मार्गाने सामान्यतः माहिती चोरता येत नाही. परंतु पत्ता बदलणे, पैसे पाठविणे, नोंद पुसणे यांसारखी स्थिती बदलणारी कृत्ये घडवून आणता येतात.

अधिकार असलेल्या मध्यस्थाला फसवून त्याच्याकडून काम करवून घेण्याचा हा प्रकार वेबपेक्षा जुना आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये त्याचे विवेचन ‘गोंधळलेला मुखत्यार’ या कल्पनेच्या आधारे केले. त्यांच्या उदाहरणातील संकलक आज्ञावलीला स्वतःच्या कामासाठी संगणकाच्या एका संरक्षित विभागात लिहिण्याची मुभा होती. वापरणाऱ्याने आपल्या कामाचा तपशील लिहिण्यासाठी त्याच विभागातील देयकांच्या फाइलचे नाव दिले आणि संकलकाने स्वतःच्या अधिकाराने ती फाइल पुसून टाकली. आंतरस्थळ विनंती-बनावटीत ब्राउझर हाच असा मुखत्यार ठरतो.

पॉडकास्ट आणि प्लगइन : पॉडकास्ट म्हणजे ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची मालिका असून तिचा सारा व्यवहार ‘फीड’ या एका मजकूर-फाइलवर चालतो. डेव्ह वाइनर यांनी डिसेंबर २००० मध्ये आरएसएस या फीड-पद्धतीच्या ०·९२ या आवृत्तीत ध्वनिफाइलीचा पत्ता जोडण्याची तरतूद केली. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द बेन हॅमर्सली यांच्या फेब्रुवारी २००४ मधील लेखात प्रथम आढळतो. जून २००५ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्स आज्ञावलीत पॉडकास्टचा समावेश केल्यावर या माध्यमाचा झपाट्याने प्रसार झाला. फीडमध्ये मालिकेचे नाव, मुखचित्र, मालकाचा ई-मेल पत्ता आणि प्रत्येक भागाच्या ध्वनिफाइलीचा पत्ता असतो. श्रोत्यांची उपकरणे ठराविक काळाने हा फीड वाचून नवे भाग उतरवून घेतात.

संकेतस्थळ चालविण्यासाठी अनेक संस्था व व्यक्ती वर्डप्रेस ही २००३ साली सुरू झालेली मुक्त आज्ञावली वापरतात. तिच्यात पॉडकास्टची सोय करण्यासाठी स्वतंत्र प्लगइने मिळतात. अशा प्लगइनच्या सेटिंग-पानावर प्रशासक मालिकेचा तपशील भरतो व त्यावरून फीड तयार होतो. प्लगइन मूळ आज्ञावलीच्या आत चालत असल्यामुळे प्रशासकाचे अधिकार त्यालाही उपलब्ध होतात. तथापि सुरक्षिततेची प्रत्येक तपासणी मात्र प्लगइनच्या लेखकालाच आठवणीने करावी लागते. मूळ आज्ञावली तपासणीचे साधन देते, सक्ती करीत नाही.

दोषाचे स्वरूप व परिणाम : सेटिंग बदलण्याची विनंती आली असता प्लगइनने दोन प्रश्न विचारणे आवश्यक असते. विनंती करणाऱ्यास तसा अधिकार आहे काय, हा पहिला आणि विनंती प्लगइनच्याच पानावरून, त्या व्यक्तीच्या कृतीने आली आहे काय, हा दुसरा. दोषयुक्त प्लगइन पहिला प्रश्न विचारते व दुसरा सोडून देते. अशा वेळी हल्लेखोर प्लगइनच्या सेटिंग-अर्जाची हुबेहूब नक्कल आपल्या पृष्ठावर ठेवतो, तीत स्वतःला हवी ती मूल्ये भरतो आणि पृष्ठ उघडताच अर्ज आपोआप सादर होईल अशी व्यवस्था करतो. नंतर त्या पृष्ठाचा दुवा प्रशासकाकडे श्रोत्याचे पत्र, जाहिरातीची चौकशी अशा एखाद्या निमित्ताने पाठवितो. प्रशासकाने आपल्या संकेतस्थळावर प्रवेश केलेला असताना दुवा उघडला, तर बदल त्याच्याच नावे नोंदला जातो. हल्लेखोराला स्वतःचे खाते लागत नाही. प्रशासकाची एक टिचकी मात्र लागते.

‘सीरियसली सिंपल पॉडकास्टिंग’ या वर्डप्रेस प्लगइनच्या २·१६·० पर्यंतच्या आवृत्त्यांत असा दोष असल्याची नोंद २०२२ मध्ये झाली. तीनुसार बनावट विनंतीने प्लगइनच्या सेटिंग बदलता येत होत्या. सुरक्षादोषांना जागतिक क्रमांक देणाऱ्या ‘सीव्हीई’ या सूचीत त्याचा क्रमांक ‘सीव्हीई-२०२२-४०१३२’ असा आहे.

सेटिंग बदलणे हे वरवर किरकोळ वाटते. पॉडकास्टच्या बाबतीत तसे नाही. मालिकेचे नाव वा मुखचित्र बदलले, तर विटंबना सर्व श्रोत्यांपर्यंत पोहोचते. अनेक प्लगइनांत फीड नव्या पत्त्यावर हलविण्याची सोय असते. ती हल्लेखोराने वापरली, तर श्रोत्यांची उपकरणे निमूटपणे नव्या पत्त्याकडे वळतात आणि विश्वासाने लावलेल्या मालिकेच्या नावाखाली दुसऱ्याचाच आवाज ऐकू येऊ लागतो. फीडमधील मालकाचा ई-मेल पत्ता त्याहून नाजूक असतो. काही श्रवणसेवा मालिकेवरील हक्क सिद्ध करण्यासाठी त्याच पत्त्यावर सांकेतिक अंक पाठवितात. पत्ता बदलला की, हक्काचा पुरावाच दुसऱ्याच्या हाती जाण्याचा संभव असतो. वर्षानुवर्षे जमविलेला श्रोतृवर्ग हेच पॉडकास्टचे खरे भांडवल असल्याने ही हानी मोजता येण्याजोगी नसते.

इतिहास : ‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’ ही संज्ञा पीटर वॉटकिन्स यांनी २००१ मध्ये योजिली. प्रारंभीची काही वर्षे या दोषाकडे दुर्लक्ष झाले. नेटफ्लिक्स या त्या वेळी डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या संकेतस्थळावर २००६ मध्ये असे दोष आढळले. त्यांद्वारे ग्राहकाच्या यादीत डीव्हीडी घालणे व त्याचा टपालाचा पत्ता बदलणे शक्य होते. प्रिन्स्टन विद्यापीठातील विल्यम झेलर व एडवर्ड फेल्टन यांनी २००८ मध्ये चार मोठ्या संकेतस्थळांतील दोष प्रकाशात आणले. त्यांपैकी एक आयएनजी डायरेक्ट या बँकेचे असून तेथे ग्राहकाच्या खात्यातून पैसे वळविता येत होते. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास घरगुती इंटरनेट मोडेमांतील अशाच दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर झाला. सुमारे ४५ लाख मोडेमांतील मांडणी बदलून लोकांना बनावट पृष्ठांकडे वळविण्यात आले. ओवॅस्प या वेब-सुरक्षाविषयक संस्थेच्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत या दोषाला २००७, २०१० व २०१३ मध्ये स्वतंत्र स्थान होते. आज्ञावली-चौकटींत संरक्षण अंगभूत होत गेल्याने २०१७ च्या यादीतून तो वगळण्यात आला. पूरक आज्ञावल्यांच्या क्षेत्रात मात्र त्याचे प्रमाण मोठे राहिले.

प्रतिबंध : सर्वांत रूढ उपाय टोकनचा आहे. सर्व्हर अर्जाबरोबर एक अंदाज न बांधता येणारी खूण पाठवितो व अर्ज परत आल्यावर ती जुळते का, हे पाहतो. तिऱ्हाईत पृष्ठाला मूळ अर्ज वाचता येत नसल्याने ही खूण त्याला मिळत नाही. कुकी ब्राउझर आपोआप जोडतो, टोकन तो आपोआप जोडत नाही. या फरकामुळेच उपाय परिणामकारक ठरतो. वर्डप्रेसमध्ये ‘नॉन्स’ नावाचे असे टोकन २००६ पासून उपलब्ध आहे. नॉन्स या शब्दाचा अर्थ एकदाच वापरण्याची संख्या असा असला, तरी वर्डप्रेसचे नॉन्स १० अक्षरांचे असून जास्तीत जास्त २४ तासांपर्यंत पुन्हा वापरता येते. ते विशिष्ट व्यक्ती, विशिष्ट कृती व चालू प्रवेश-सत्र यांना बांधलेले असते. नॉन्स मुळीच न तपासणे ही प्लगइन-लेखकांची नेहमीची चूक होय. नॉन्स आले असेल तरच ते तपासणे ही दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण हल्लेखोर ते पाठवीतच नाही. नॉन्सने इच्छेची खात्री पटते, अधिकाराची नव्हे. म्हणून दोन्ही तपासण्या स्वतंत्रपणे कराव्या लागतात. ज्या विनंतीने काही बदलते ती केवळ दुवा उघडून करता येऊ नये, असाही नियम आहे.

दुसरा उपाय ब्राउझरच्या बाजूने होतो. ‘सेमसाइट’ या गुणधर्मामुळे कुकी दुसऱ्या स्थळावरून निघालेल्या विनंतीला जोडली जाऊ नये असे सांगता येते. क्रोम ब्राउझरने त्याला २०१६ पासून आधार दिला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो गुणधर्म न लिहिलेल्या कुकींनाही मध्यम प्रतीचा निर्बंध लागू करण्यास प्रारंभ केला. कोव्हिडच्या साथीमुळे एप्रिलमध्ये थांबविलेली अंमलबजावणी जुलैमध्ये पुन्हा सुरू झाली. या निर्बंधातही साधा दुवा उघडताना कुकी पाठविली जाते आणि सर्व ब्राउझरांचे वर्तन एकसारखे नाही. म्हणून हा उपाय टोकनला पूरक समजतात, पर्यायी नव्हे. विनंती कोणत्या स्थळावरून निघाली हे सांगणारे ब्राउझरचे शीर्षलेख तपासणे हाही एक उपाय आहे.

संकेतस्थळात परकी लिपी घुसविता येण्याचा दोष असेल, तर टोकनचा उपाय निष्फळ होतो, कारण ती लिपी त्याच स्थळाची असल्याने टोकन वाचू शकते. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या स्थळावर पसरलेल्या ‘सॅमी’ या कृमी-आज्ञावलीने हेच केले. सुमारे २० तासांत दहा लाखांहून अधिक खाती तिच्या कक्षेत आली.

संबंधित प्रकार : सर्व्हरकडून होणारी विनंती-बनावट हा वेगळा दोष आहे. त्यात ब्राउझरऐवजी सर्व्हर फसविला जातो. एखाद्या पत्त्यावरून फीड आयात करण्याची सोय देणारी आज्ञावली तो पत्ता तपासत नसेल, तर बाहेरच्यांना बंद असलेल्या अंतर्गत यंत्रणेकडेही तिला विनंती करावयास लावता येते. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेच्या सुमारे १० कोटी अमेरिकन आणि ६० लाख कॅनडियन व्यक्तींची माहिती उघड झाली, तेव्हा हाच मार्ग वापरण्यात आला होता.

संकेतस्थळ चालविणाऱ्यांच्या दृष्टीने प्लगइनांच्या सुधारित आवृत्त्या वेळेवर घेणे, अनावश्यक प्लगइने काढून टाकणे, प्रशासकाच्या खात्यातून काम संपताच बाहेर पडणे आणि इतर संचारासाठी वेगळा ब्राउझर वापरणे हे उपाय सहजसाध्य आहेत. भारतात सुरक्षादोषांविषयीच्या सूचना २००४ मध्ये स्थापन झालेली सर्ट-इन ही शासकीय संस्था प्रसिद्ध करते. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकातील माहिती बदलणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र असून, ते अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि बनावट विनंती प्रशासकाच्याच ब्राउझरकडून गेलेली असल्याने सर्व्हरच्या नोंदीत त्याचेच नाव दिसते. खरा कर्ता शोधणे त्यामुळे अवघड होते. दोष आज्ञावलीतच दूर करणे यास म्हणूनच अधिक महत्त्व आहे.