तपास भरकटतोय? तक्रार योग्य दारी न्या

तपास अधिकारी हयगय करत असेल, तर फिर्यादी बहुधा वरिष्ठांकडे अर्ज देतो आणि वाट पाहत बसतो. पण अधिकाऱ्यावर कारवाई होणे आणि तपास सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालातून पुढे आलेले राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण पहिल्या गोष्टीसाठी आहे. कोठडीतील मृत्यू, बेकायदा अटक, खंडणी अशा गंभीर तक्रारींची ते चौकशी करते. तपास मार्गावर आणण्यासाठी मात्र दंडाधिकाऱ्यांकडेच जावे. त्यांना तपासावर देखरेख ठेवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये साकिरी वसू खटल्यात स्पष्ट केले.

अशा तक्रारींमुळे पोलिसांच्या कामात ढवळाढवळ होते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. आरोपी कोण, हे फिर्यादीने ठरवू नये. म्हणूनच तक्रार निष्कर्षाबद्दल नव्हे, राहून गेलेल्या कामाबद्दल हवी: अमुक तारखेला समोरच्या दुकानातल्या सीसीटीव्हीबद्दल लेखी कळवले, पोच घेतली, तरी फुटेज जप्त झाले नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती लेखी मागावी. निर्दोष सुटकेनंतर कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये किशनभाई प्रकरणात बजावले खरे. पण तोवर पुरावा हातचा गेलेला असतो. म्हणून तक्रार तपास चालू असतानाच करावी.