बर्फावरील बूट व पायांचें दुखणें

गुलमर्गच्या बर्फाच्या उतारावर प्रथमच स्की बांधून उभा राहणारा मनुष्य पडण्याला भितो. परंतु सायंकाळीं त्याची तक्रार बहुधा निराळीच असते. बोटें बधिर झालेलीं, पावलाला पेटके आलेले आणि नडगीवर लाल वळ उठलेले असतात. दोष बुटाचा आहे हें तो ओळखतो. मात्र बूट घट्ट होता म्हणून पाय दुखला, हा त्याचा निष्कर्ष पुष्कळदां उलटा असतो.

हा बूट चालण्यासाठीं केलेलाच नाहीं. गुडघा पुढें वाकवितांच तो जोर स्कीपर्यंत पोंचविणें, हें त्याचें काम. पूर्वीचे बूट चामड्याचे व नाडीचे असत. १९५५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्यें बकलांचे बूट निघाले आणि १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बॉब लांगे यांनीं प्लास्टिकचा बूट पुढें आणला. चामडें वापरानें पायाच्या आकाराचें होई. प्लास्टिकचें कवच तसें होत नाहीं. म्हणून त्याच्या आंत मऊ अस्तराचा दुसरा बूट असतो.

बूट सैल असला म्हणजे टाच वर उचलते, पाऊल पुढें सरकतें, बोटें टोंकावर आदळतात आणि नडगी बुटाच्या पुढच्या कडेवर आपटते. तोल सांवरण्यासाठीं बोटें आंत आवळलीं जातात व तळव्याला पेटके येतात. मग मनुष्य बकलें अधिक आवळतो. पावलाच्या वरच्या बाजूस नसा व रक्तवाहिन्या कातडीच्या अगदीं जवळ असतात. त्या दाबल्या जाऊन पाय थंड व बधिर पडतो. अशा रीतीनें उपायच अपाय होतो.

बुटाचें माप सेंटिमीटरांत असतें. २६·५ म्हणजे साधारण तितक्या लांबीचें पाऊल. आंतला बूट काढून नुसत्या कवचांत पाय घालावा व बोटें पुढें अलगद टेकवावीं. टाचेमागें एक ते दोन सेंटिमीटर जागा उरली तर माप योग्य. तीहून अधिक उरल्यास बूट मोठा. पुरा बूट घालून ताठ उभें राहिल्यास बोटें टोंकाला किंचित् लागतील, गुडघे वाकवितांच मागें येतील.

मोजा एकच व पातळ असावा. दोन मोजांनीं ऊब वाढत नाहीं. घड्या मात्र पडतात व रक्ताची वाट अडते. विजारीची कड बुटांत खुपसूं नये. पावलावरचीं बकलें हलकीं ठेवून घोट्यावरचीं नीट आवळावीं, आणि विश्रांतीच्या वेळीं सर्वच सैल करावीं. एकाच हाडावर दुखत असेल तर जाणता कारागीर तेवढ्याच जागीं कवच तापवून फुगवितो. तळवा सपाट असल्यास आधाराचा पट्टा घालतां येतो.

बधिरपणा मात्र सोसूं नये. बोटें पांढरीं व कठीण दिसूं लागल्यास तो हिमदंश असूं शकतो. तत्काळ आडोशाला जाऊन बूट काढावा, पाय चोळूं नये, शेकोटीशीं धरूं नये व वैद्यकीय मदत घ्यावी. मधुमेहानें ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना दुखण्याची सूचनाच मिळत नाहीं. त्यांनीं डॉक्टरांस विचारूनच निघावें व वरचेवर बूट काढून पाय डोळ्यांनीं पाहावे.

मुंबई-पुण्याहून जाणारा प्रवासी बहुधा भाड्याचा बूट घेतो. त्यानें घरींच दोन्ही पावलें मोजून आंकडा टिपून न्यावा, आणि मिळालेला बूट दुकानांत दहा मिनिटें घालून गुडघे वाकवून पाहावा. तेथें बूट बदलून घेणें सोपें असतें. उतारावर तें शक्य नसतें.