चिमणीवरील वारा आणि बहुपदीची कोटी

एकलहरे येथील नाशिक औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दुरूनच नजरेत भरतात. १९७० व १९७१ मध्ये येथे प्रत्येकी १४० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. ते पुढे बंद करण्यात आले. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटच्या तीन संचांची भर पडली. अशा उंच चिमणीचा आराखडा करताना धुराइतकाच वाऱ्याचाही विचार करावा लागतो.

हे गणित आता संगणक करतो. रचनेचे असंख्य लहान घटक कल्पून प्रत्येक घटकावरील भाराचे समाकलन करावयाचे व त्यांची बेरीज घ्यावयाची, ही परिमित घटक पद्धती होय. मात्र संगणक घटकातील काही निवडक बिंदूंवरच मूल्ये काढतो आणि त्यांना ठरावीक गुणक लावून बेरीज करतो. हे बिंदू किती असावेत? जर्मन गणिती गाउस यांनी १८१४ मध्ये याचे उत्तर दिले. योग्य जागी दोन बिंदू घेतले, तर तिसऱ्या कोटीपर्यंतच्या बहुपदीचे समाकलन अचूक येते. तीन घेतले, तर पाचव्या कोटीपर्यंतच्या.

तेव्हा आधी कोटीचा अंदाज हवा. त्याचे नियम सोपे आहेत. गुणाकारात कोट्यांची बेरीज होते. बेरजेत मोठी कोटी टिकते. समजा, एका घटकात वाऱ्याचा वेग उंचीबरोबर सरळ रेषेत वाढतो. त्याची कोटी एक. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून दोन. निमुळत्या चिमणीची रुंदी एक, आणि भार घटकाच्या टोकांवर वाटून देणारे फलन एक. एकूण कोटी चार. म्हणजे तीन बिंदू आवश्यक. येथे काटकसर अंगाशी येते. उणे एक ते एक या अंतरात चौथ्या घाताचे खरे समाकलन ०.४ आहे. तीन बिंदूंनी तेच मिळते. दोन बिंदूंनी मात्र ०.२२ येते, आणि चूक झाल्याची सूचना संगणक देत नाही.

वेगाचे सूत्र अपूर्णांकी घाताचे असेल, तर ते बहुपदीच नव्हे. अशा वेळी काही प्रणाली ठोकताळ्याने कोटीत दोन मिळवितात. मग वेगाची कोटी तीन, दाबाची सहा, एकूण आठ, आणि बिंदू पाच. हा अंदाज बहुधा गरजेपेक्षा मोठाच असतो, कारण जमिनीपासून वर वेग फार सावकाश वाढतो. ठोकळ्याच्या आकाराच्या घटकात प्रत्येक दिशेला तीन बिंदू घेतल्यास २७ होतात, पाच घेतल्यास १२५. जाणकार अभियंता म्हणूनच कोटी स्वतः नेमून देतो आणि एकदा ती वाढवून उत्तर बदलते का, हे पाहतो.

अर्थात समाकलन कितीही अचूक असले, तरी मूळ भारच चुकीचा असेल तर उपयोग नाही. १ नोव्हेंबर १९६५ रोजी इंग्लंडमधील फेरीब्रिज विद्युत केंद्राचे तीन शीतक मनोरे वादळात कोसळले. आराखड्यात वाऱ्याचा भार कमी धरला गेला होता आणि शेजारच्या मनोऱ्यांमुळे बदलणारा प्रवाह लक्षात घेतला गेला नव्हता.